तिसरी

आम्हा किसी लोकांत मुलीचं नाव शोधावं लागत नाही,
मोजावं लागतं.
पहिली सिया, दुसरी कुंबा, तिसरी फिंडा.
फिंडा मी.
सियाला घरातून नेलं, कुंबाला तंबूतून,
माझ्या शेजारच्या खाटेवरून, पहाटे.
त्या पांढऱ्या पिशवीच्या चेनचा आवाज
हळू ओढली म्हणून हळू होत नाही.
आता कुणी फिंडा म्हटलं, की मला
आधीचे दोन आकडेही ऐकू येतात.

सुटले त्या दिवशी त्यांनी दिलं:
एक गादी, कमरेला गुंडाळायचं रंगीत कापड, तांदूळ,
आणि प्लास्टिकमध्ये घातलेला कागद.
ही बाई इबोलातून बरी झाली आहे.
हिच्यापासून कुणाला धोका नाही.
खाली शिक्का, आणि डॉक्टरची सही,
क्लोरीनच्या थेंबानं अर्धी पुसलेली.
घरमालकानं कागद उलटा धरला.
उलटाच वाचला.
म्हणाला, पोरी, कागद बरा झालाय,
तुझं कोण सांगणार?

मी केस विणते. कोइंदूच्या बाजारात, आंब्याखाली,
बारा वर्षं माझ्या गुडघ्यांमध्ये
कुणाचं ना कुणाचं डोकं होतं.
टोपलीची वीण, सापाची वीण, नवरीची उंच वीण.
बायका मला नवऱ्यांबद्दल सांगत,
कारण मागे बसलेल्याला तोंड नसतं.
कुणाच्या टाळूवर कुठे जुनी खोक,
कुणाचे केस बाळंतपणानंतर गळले,
कोण मुळाशी पांढऱ्याला काजळी लावते,
सगळं या दहा बोटांना ठाऊक.
बोलली नाहीत कधी.

आता तीच डोकी रस्त्यापलीकडून जातात.
मी पाठमोरी ओळखते त्यांना.
एखादीची वीण उसवलेली, भांग वाकडा,
कुणा नवशिकीनं पाडलेला.
खरं सांगते, तेव्हा मला सगळ्यात वाईट
त्या वाकड्या भांगाचं वाटतं.

तेलवाली सुट्टे पैसे हातात देत नाही.
जमिनीवर ठेवते, दोन पावलं मागे सरते,
कोंबडीला दाणे टाकावेत तशी.
मी वाकते. उचलते.
किती नोटा उचलल्या त्याचा हिशेब
माझ्या कमरेला विचारा.

वाळवंटाकडून धुळीचं वारं सुटलं त्या सुमारास
तांबा आला. मेलेल्यांना पुरणाऱ्या टोळीतला.
त्याला भात वाढून त्याची आईसुद्धा दाराआड होते.
येऊन सरळ स्टुलावर बसला.
म्हणाला, विणून दे.
तांबा, केस कुठायत तुझ्या डोक्यावर?
पावसाळ्यापासून वस्तरा फिरवतोयस.
म्हणाला, शोध.

माझ्या डाव्या डोळ्यात धुकं आहे, तापानं मागे ठेवलेलं.
मी बोटांनीच शोधलं.
कपाळापासून मानेपर्यंत त्या मोकळ्या रानात
एक भांग पाडला, मग दुसरा.
तीन पदर नव्हते, तरी तीन पदर घेतले.
कानामागे मुखवट्याच्या पट्ट्यानं घट्टा पडला होता,
तिथं बोट लागलं तसा तो हलला.
मी थांबले.
म्हणाला, थांबू नकोस.
बाजार बघत होता.
बघू दे.

शेवटी मी नसलेला दोरा दातांनी तोडला.
तर गड्यानं आरसा मागितला!
डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं,
म्हणाला, मागे जरा सैल झालीय.
आणि पैसे माझ्या तळहातावर ठेवून
वरून माझीच बोटं मिटली.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्याही.
चौथ्या दिवशी रस्त्यापलीकडून एक बाई,
डोक्याला घट्ट फडकं बांधलेली, ओरडून विचारते,
टोपलीच्या विणीचं काय घेतेस?
मी जुनाच भाव सांगितला.
एक लिओन कमी नाही.

ती अजून तिथेच उभी आहे.
मी कंगवा धुतेय,
तिला दिसेल असा.